हाताची शस्त्रक्रिया शिकायची आहे: ऑर्थो घ्यावं की प्लास्टिक?

प्रश्न थोडक्यात असा: इंटर्नशिप संपत आली आहे, पुढे हाताच्या शस्त्रक्रियेतच काम करायचं हे ठरलं आहे. तर एमएस ऑर्थोपेडिक्स घ्यावं, की जनरल सर्जरी करून प्लास्टिककडे जावं? कुठे हाताचं काय शिकायला मिळतं आणि काय राहून जातं?

उत्तर आधी सांगतो. दोन्ही वाटांनी हँड सर्जन होता येतं. पण कुठल्याही वाटेने गेलात तरी रेसिडेन्सी संपते तेव्हा निम्माच हात हाती आलेला असतो. ऑर्थोत हाड, सांधा आणि मनगट पक्कं होतं. कातडी, फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट हलवलेली कातडी) आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या कच्च्या राहतात. प्लास्टिकमध्ये नेमकं उलट. म्हणून पदवीचं नाव बघून ठरवू नका. उरलेला निम्मा हात कुठे, कधी आणि कुणाकडे शिकणार, याचा विचार आजपासूनच हवा.

हे निम्मेपण कुठे नडतं ते एका जखमेवरून बघू. समजा, कडबाकुट्टीत हात गेलेला रुग्ण आला आहे. मधल्या बोटाचं पहिलं पेर मोडलंय. तळव्याच्या बाजूचे दोन्ही फ्लेक्सर टेंडन, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, तुटलेत. एका बाजूची डिजिटल नर्व्ह आणि आर्टरी (बोटाची संवेदनेची नस आणि रक्तवाहिनी) गेलीय. त्याच बाजूची साधारण दोन बाय तीन सेंटिमीटर कातडी उडालीय. बोट अजून गुलाबी आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूची आर्टरी चालू आहे. हाताच्या शस्त्रक्रियेत याहून गुंतागुंतीच्या जखमा येतात, पण अशा जखमा रोज येतात.

या बोटाची वाकण्याची ताकद परत यायची, तर जोडलेला टेंडन तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून थेरपिस्टच्या देखरेखीखाली हलायला लागला पाहिजे. जागा झोन २ ची आहे. इथे दोन्ही टेंडन एकाच अरुंद, पुलींनी (टेंडन हाडाजवळ धरणाऱ्या पट्ट्यांनी) बांधलेल्या बोगद्यातून जातात. तीन-चार आठवडे हलले नाहीत की ते आजूबाजूला चिकटून बसतात. अमेरिकन हँड सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं ते याच कारणाने. आता टेंडन लवकर हलवायचा तर हाड तेवढं घट्ट बसलेलं हवं, आणि वरची कातडीही टिकणारी हवी. हाड, टेंडन, कातडी, थेरपी ही एकच साखळी आहे, आणि आपल्या रेसिडेन्सीज ती मधोमध तोडून शिकवतात.

ऑर्थोचा रेसिडेंट या बोटात फ्रॅक्चर सुरेख जोडेल. एक मिलिमीटरच्या दोन के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या तारा) आडव्यातिडव्या, किंवा छोटी प्लेट. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो रोटेशन तपासेल: बोटं मिटली की सगळ्यांची टोकं स्कॅफॉइडच्या (मनगटातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या) उंचवट्याकडे वळतात की नाही, हे तो बघेल. हे बघणं फार मोलाचं आहे. मेटाकार्पलमध्ये (तळव्यातल्या हाडात) फक्त ५ अंशांचा पीळ राहिला तरी मूठ मिटताना बोटाचं टोक शेजारच्या बोटावर जवळजवळ दीड सेंटिमीटर चढतं. तो चुकतो पुढच्या टप्प्यावर. टेंडनला दोन स्ट्रँडचा (जोडातून धागा दोनदाच जाणारा) टाका घालतो, आणि लवकर हलवताना तो तुटेल या धास्तीने बोट महिनाभर बांधून ठेवतो. किंवा कातडी ताणून बंद करतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तिची कड काळी पडते आणि खाली नुकताच जोडलेला टेंडन उघडा पडतो. मग कुणीतरी त्यावर ग्राफ्ट (दुसरीकडून सोलून आणलेली कातडी) लावतं. पॅराटेनॉन (टेंडनवरचं पातळ आवरण) नसलेल्या उघड्या टेंडनवर ग्राफ्ट नीट धरत नाही, आणि धरलाच तर टेंडनला चिकटतो.

प्लास्टिकचा रेसिडेंट टेंडन नीट जोडेल: आत ३-० किंवा ४-० चा चार स्ट्रँडचा कोअर टाका, प्रत्येक कडेपासून साधारण एक सेंटिमीटर धरलेला, आणि भोवती ६-० चा बारीक टाका. नर्व्ह भिंगाखाली जोडेल. कातडीसाठी दोन-तीन पर्याय त्याच्या डोक्यात तयार असतील. क्रॉस-फिंगर फ्लॅप (शेजारच्या बोटाची कातडी) इथे बसतो, पण तो कापेपर्यंत दोन-तीन आठवडे दोन बोटं एकमेकांना जखडलेली राहतात. म्हणून बोट मोकळं ठेवणारा फ्लॅप जमला तर तो आधी. एवढा विचार तो करेल. आणि हाडात मात्र टोकापासून एकच के-वायर सांध्यांमधून सरळ आत ढकलेल. फ्रॅक्चरमध्ये फट राहते, वायरभोवती बोट फिरतं, आणि वायर सांध्यातून गेल्यामुळे सहा आठवडे सांधा हलवता येत नाही. टाका कितीही चांगला असला तरी टेंडन तिथेच चिकटतो.

दोघांचाही शेवट एकच: ताठ बोट. दोघांचीही चूक अज्ञानातून होत नाही. तीन वर्षं ज्या कामात हात बसला, त्या कामाला जास्त वेळ दिला जातो आणि उरलेलं काम थकल्या हातांनी उरकलं जातं, हे तिचं मूळ आहे.

आता एकेक वाट बघू.

एमएस ऑर्थो तीन वर्षांचं. हाताच्या दृष्टीने त्यातलं सोनं म्हणजे मनगट. डिस्टल रेडियसची (मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाची) फ्रॅक्चर इतक्या संख्येने दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. पुढून लॉकिंग प्लेट लावायची पद्धत हाताखालून जाते, आणि तिच्यातली दोन दुखणीही कळतात. प्लेट वॉटरशेड रेषेच्या (रेडियसच्या पुढच्या कडेवरच्या उंचवट्याच्या) पुढे गेली की तिच्या कडेवर अंगठ्याचा फ्लेक्सर घासून महिन्यांनी तुटतो. स्क्रू मागच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर जास्त बाहेर आला की अंगठा उचलणारा टेंडन जातो. साध्या लॅटरल फिल्ममध्ये हा स्क्रू लपतो, कारण रेडियसची मागची बाजू सपाट नाही, तिला उंचवटा आहे. स्कॅफॉइडला रक्त टोकाकडून मागे येतं, म्हणून मागच्या तुकड्यातलं फ्रॅक्चर अनेकदा जुळत नाही आणि तुकडा मरतो, हे ऑर्थोचा रेसिडेंट झोपेतही सांगेल. पेरिल्युनेट डिस्लोकेशन (मनगटातल्या ल्युनेट हाडाभोवतीची हाडं निखळणं) कॅज्युअल्टीत हुकण्याचं प्रमाण मोठं आहे. खऱ्या लॅटरल फिल्ममध्ये रेडियस, ल्युनेट आणि कॅपिटेट एका ओळीत आहेत का, हे बघायची सवय लागते ती बहुधा ऑर्थोतच. सी-आर्म (शस्त्रक्रियेतला एक्स-रे), इम्प्लांट, सांध्यांची यांत्रिकी, पुढे मनगटाची आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया), या सगळ्याचा पाया इथेच. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' ही बाहेरून आधार देणारी चौकट पुढे लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी गाजली, पण हाताच्या कामातही ती तितकीच उपयोगाची आहे. ताठलेला किंवा आखडलेला हात हळूहळू ताणून मोकळा करायला ती अजून वापरली जाते. ऑर्थोच्या विचारातून हाताला मिळालेली ही देणगी आपल्या घरातली आहे, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख.

मात्र बऱ्याच ऑर्थो युनिटांत हाताचं फ्रॅक्चर यादीच्या शेवटी जातं. आधी मांडी, खुबा, पाठ. मग रात्री एक वाजता सर्वांत कनिष्ठ रेसिडेंट के-वायर टाकतो, आणि शिकवायला शेजारी कुणी नसतं. गुडघा आणि खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियांचा ओढाही मोठा. म्हणजे अभ्यासक्रमात हात असतो, वेळापत्रकात नसतो.

प्लास्टिकची वाट लांब आहे: जनरल सर्जरीची तीन वर्षं, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा, मग एमसीएच किंवा डीआरएनबी या सुपरस्पेशालिटी पदवीची तीन वर्षं. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबी अभ्यासक्रमही आहे. जनरल सर्जरीच्या तीन वर्षांत हात जवळजवळ दिसत नाही. हर्निया, पोट, थायरॉइड, स्तन यातच दिवस जातात. पण एक गोष्ट तिथे चांगली शिकता येते: पू झालेला हात, विशेषतः मधुमेहींचा. फ्लेक्सर शीथमध्ये (टेंडनच्या नळीसारख्या आवरणात) पू झाला की बोट किंचित वाकलेलं राहतं, सगळं बोट सुजतं, शीथच्या पूर्ण लांबीवर दाबलं की दुखतं, आणि बोट सरळ करायला गेलं की रुग्ण कळवळतो. ही चार लक्षणं सांगणारे ॲलन कॅनव्हेल शिकागोचे जनरल सर्जन होते. या बोटाला अँटिबायोटिक देऊन दोन दिवस थांबलात तर टेंडन गेला म्हणून समजा.

एमसीएचमध्ये खरी श्रीमंती सुरू होते. भाजलेल्या हाताचं काँट्रॅक्चर (आखडलेपण) सोडवणं, जन्मतः जुळलेली बोटं वेगळी करणं, नर्व्ह जोडणं आणि ग्राफ्ट करणं, टेंडन ट्रान्सफर (चालू टेंडन निकामी झालेल्याच्या जागी वळवणं), फ्लॅप, रिप्लांट (तुटलेला भाग परत जोडणं). जुळलेल्या बोटांचं उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया साधारण एक ते दीड वर्षाच्या वयात करतात. चिरे नागमोडी घेतात, कारण सरळ चिऱ्याचा व्रण आखडून बोट वाकवतो. कमी पडलेल्या जागी पूर्ण जाडीचा ग्राफ्ट लागतो. आणि एका बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच सोडवत नाहीत, कारण दोन्हीकडच्या आर्टरी एकदम धोक्यात येतात. हे नियम प्लास्टिकच्या रेसिडेंटच्या अंगवळणी पडलेले असतात.

आपल्याकडे या वाटेला कुष्ठरोगाच्या कामाचा मोठा वारसा आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पंजासारख्या वाकलेल्या हातांवर टेंडन ट्रान्सफर सुरू केले. ब्रँड स्वतः ऑर्थोच्या कामातले. इकडे मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोग्यांच्या पुनर्रचनेला वाहून घेतलं. एकाच प्रकारच्या हाताकडे दोन शाखांची दोन माणसं पोहोचली, हे या क्षेत्राचं खरं चित्र आहे.

प्लास्टिकमध्ये उणीव मनगटाची. कार्पल हाडांच्या एकमेकांशी असलेल्या हालचाली, रेडियसचे कोन, प्लेटची जागा, एक्स-रे वाचायची सवय या गोष्टी एमसीएच करताना क्वचितच घट्ट होतात. शिवाय विभागाविभागात जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही ठिकाणी सगळं काम जबडा आणि गळ्याच्या कॅन्सरनंतरच्या फ्लॅपचं, काही ठिकाणी भाजलेल्यांचं, काही ठिकाणी सौंदर्यशस्त्रक्रियेचं. मायक्रोचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली शिवण्याचा हात उत्तम तयार होतो, पण मोडलेलं बोट महिन्यातून एखादं दिसतं.

अमेरिकेकडे बघितलं तर हीच फाळणी तिथेही आहे, फक्त तिच्यावर पूल बांधलेला आहे. ऑर्थोची पाच वर्षं, इंटिग्रेटेड प्लास्टिकची सहा, किंवा जनरल सर्जरीची पाच; तिन्हींतून एका वर्षाच्या हँड फेलोशिपला जाता येतं, आणि १९८९ पासून तिन्ही बोर्डांच्या उमेदवारांसाठी हाताच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रमाणपत्र आहे. प्रत्यक्षात बहुतेक फेलो ऑर्थोतून येतात. ब्रिटनमध्ये ऑर्थो आणि प्लास्टिक दोन्हीकडच्या उमेदवारांना एकत्र घेणाऱ्या इंटरफेस फेलोशिप आहेत. स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये तर हँड सर्जरी ही स्वतंत्र शाखाच आहे. आपल्याकडे पूल म्हणजे एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची फेलोशिप, एफएनबी हँड अँड मायक्रो सर्जरी. ऑर्थो आणि प्लास्टिक दोन्हीकडून तिथे जाता येतं. जागा मोजक्याच, आणि पात्रतेचे बारीक नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका. कोइंबतूरचं गंगा हॉस्पिटल आणि चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजची हाताची संस्था ही देशात या कामाची मोठी केंद्रं. तिथे महिनाभर नुसतं बघायला गेलात तरी कॅज्युअल्टीतल्या हाताकडे बघण्याची नजर बदलते.

माझं स्पष्ट मत: लवकर आणि कमी वर्षांत हातापर्यंत पोहोचायचं असेल, फ्रॅक्चर आणि मनगट आवडत असेल, तर ऑर्थो आणि मग एफएनबी. एकूण पाच वर्षं. रिप्लांट, ब्रॅकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणारं नसांचं जाळं), जन्मजात व्यंग, भाजलेला हात यांकडे ओढा असेल तर प्लास्टिक, आणि त्यानंतरही हाडांसाठी फेलोशिप करायचीच. एमसीएच झालं की थांबणारे बरेच असतात. मनगट त्यांच्या हाती कधीच येत नाही. दोन उणिवांपैकी उशिरा भरायला अवघड कुठली, असं विचाराल तर मायक्रो. प्लेट लावायचं कसब वर्षभर भरपूर केसेस मिळाल्या तर येतं. मायक्रोस्कोपखालचा हात मात्र रोज थोडा थोडा तयार होतो, आणि तिशी-पस्तिशीत प्रॅक्टिस सुरू झाल्यावर रोजचे ते तास मिळत नाहीत. म्हणून ऑर्थो घेणाऱ्याने मायक्रोचा सराव पहिल्याच वर्षी सुरू करावा.

सराव कसा करायचा? सर्जिकल ग्लोव्हचा तुकडा कार्डावर ताणून लावा, त्यात चीर द्या आणि १०-० नायलॉनने ती शिवा. मनगट आणि करंगळीची कड टेबलावर टेकलेली हवी. हात हवेत राहिला की थरथरतो. सगळे टाके एकाच अंतरावर आणि दोन्हीकडे सारख्याच खोलीचे येऊ लागले की कोंबडीच्या मांडीतली आर्टरी घ्या. पहिले दोन टाके समोरासमोर, मग मधले. एक मिलिमीटरच्या आर्टरीला सहा ते आठ टाके पुरतात. हमखास होणारी चूक म्हणजे सुई मागच्या भिंतीत अडकणं. प्रत्येक टाक्याआधी लुमेनमध्ये (आर्टरीच्या पोकळीत) सलाइन सोडून दोन्ही भिंती वेगळ्या दिसतात का ते बघा, आणि शेवटी आर्टरी उभी चिरून आतून टाके मोजा. बाहेरून सुरेख दिसणारी जोडणी आतून बंद झालेली निघते, ते इथे कळतं.

टेंडनसाठी खाटकाकडून आणलेला बकऱ्याचा पाया घ्या. चार स्ट्रँडचा टाका घाला, पट्टीने कडेपासूनचं अंतर मोजा, मग ओढा आणि फट बघा. जोडात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडली की टेंडनची ताकद वाढत नाही. अर्धा सेंटिमीटरवर धरलेला टाका आणि एक सेंटिमीटरवर धरलेला टाका यांतला फरक हाताला एकदा जाणवला की पुढे तो सांगावा लागत नाही.

प्रवेशाच्या वेळी विभागाची चौकशी करताना प्राध्यापकांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा. रात्री कॅज्युअल्टीत आलेला कापलेला हात कोण घेतं: ऑर्थो, प्लास्टिक, की वाराप्रमाणे आलटून पालटून? झोन २ चा टेंडन कोण जोडतं? रात्री दोन वाजता मायक्रोस्कोप मिळतो का, की त्या खोलीला कुलूप असतं? अंगठा तुटून आला तर रिप्लांट होतो, की पुढे पाठवतात? चाकण, भोसरी, वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्याजवळच्या रुग्णालयांत पॉवर प्रेसमध्ये सापडलेले हात येतात. ग्रामीण भागात कडबाकुट्टी आणि मळणी यंत्र. संख्या असते, पण ती शिकवणीत बदलते ती शेजारी उभं राहणारं कुणी असलं तरच.

आणि हँड थेरपिस्ट आहे का? थर्मोप्लास्टिकचा स्प्लिंट रुग्णाच्या हातावर बसवून देणारा माणूस तिथे आहे का? हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. सुजलेला हात सरळ पट्टीवर बांधून पाठवणं ही दोन्ही शाखांत सारखीच होणारी चूक आहे. मूठ मिटताना जिथे पहिली गाठ दिसते तो सांधा सरळ ठेवला की त्याचे बाजूचे लिगामेंट सैल असतात, आणि तसेच आखडतात. मग मूठ मिटतच नाही. म्हणून मनगट २० ते ३० अंश मागे, हा सांधा ७० ते ९० अंश वाकलेला आणि बोटाचे पुढचे सांधे सरळ. ही स्थिती कुठल्याही शाखेच्या पहिल्या महिन्यात हाताला सवयीची झाली पाहिजे. फक्त नुकताच जोडलेला फ्लेक्सर टेंडन असेल तर मनगट किती ठेवायचं ते सर्जन आणि थेरपिस्ट मिळून ठरवतात.

भूल देण्याची एक पद्धतही दोन्हीकडच्यांनी शिकून घ्यावी: टुर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) न बांधता, ॲड्रेनलिन घातलेल्या लिग्नोकेनने, रुग्ण जागा ठेवून. एक टक्का लिग्नोकेन, एक लाखात एक ॲड्रेनलिन, वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅमची मर्यादा. साठ किलोच्या माणसाला ४२ मिलिलिटरपर्यंत. टोचल्यावर घाई न करता साधारण अर्धा तास थांबायचं. थांबत नाहीत त्यांना रक्त दिसतं आणि पद्धत खराब वाटते. बोटात ॲड्रेनलिन चालत नाही ही जुनी शिकवण आता मागे पडली आहे, तरी उतारा म्हणून फेंटोलामिन जवळ असावं. फायदा असा की टेंडन जोडल्यावर टेबलावरच रुग्णाला बोट वाकवायला सांगता येतं. जोडात फट पडते का, पुलीखाली टाका अडकतो का, हे तिथेच दिसतं आणि तिथेच दुरुस्त होतं.

शेवटी लॉगबुकाबद्दल. बहुतेक रेसिडेंट केस झाल्याची तारीख लिहितात आणि थांबतात. हाताच्या कामात बाराव्या आठवड्यातली नोंद हवी. प्रत्येक बोटाच्या तिन्ही सांध्यांचं स्वतःहून वाकणं मोजा, बेरीज करा, सरळ होण्यात राहिलेली कसर वजा करा. निरोगी बोटाची बेरीज साधारण २६० अंश येते. हा आकडा त्या केसच्या ओळीपुढे लिहा. हाड कुणी जोडलं, टेंडन कुणी, कातडी कुणी आणि थेरपी कितव्या दिवशी सुरू झाली, हेही त्याच ओळीत. वीस-पंचवीस ओळी झाल्या की आपली साखळी नेमकी कुठे तुटते ते दिसेल, आणि फेलोशिप कशाची हवी आहे तेही.